एबीएसशी संपर्क तुटतोय: ईसीयू मागवण्याआधी काय तपासायचं

आधी प्रश्न थोडक्यात. नागपूरच्या उमरेड रोडवर स्वतःचं छोटं गॅरेज असलेल्या एका तरुण मेकॅनिकने विचारलाय. त्याच्याकडे बीएस-६ पेट्रोल हॅचबॅक आली आहे. रात्री पाऊस झाला की सकाळी एबीएस (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा), पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकचा दिवा एकदम लागतो, स्पीडोमीटरचा काटा शून्यावर बसतो आणि दुपारपर्यंत सगळं आपोआप ठीक होतं. स्कॅनर लावल्यावर इंजिन, स्टिअरिंग आणि मीटर कन्सोल या तिघांत यू०१२१ हा कोड दिसतो, पण एबीएस स्कॅनरला सापडत नाही. दोनदा तर एकही मॉड्यूल (एकेका यंत्रणेचा कॉम्प्युटर) सापडलं नाही. इग्निशन चालू ठेवून डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला, तर आकडा ठरत नाही, मधूनच उणे दाखवतो. दुसऱ्या एका वर्कशॉपने ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि एबीएस दोन्ही गेल्याचं सांगितलंय. गिऱ्हाईक म्हणतो, "पाणी आलं की लायटा लागून राह्यल्या भाऊ, काय ते एकदाचं बदलून टाका."

भाऊ, काहीच मागवू नका. ईसीयू तर अजिबात नको. तुम्ही दिलेल्या माहितीतच ईसीयू निर्दोष असल्याचा पुरावा आहे, तो कसा ते सांगतो.

यू०१२१ चा अर्थ एवढाच की ज्या मॉड्यूलमध्ये हा कोड आहे, त्याला एबीएसकडून अपेक्षित संदेश वेळेत मिळाला नाही. कोड तक्रार करणाऱ्याच्या पोटात साठतो, दोषी असतो किंवा नसतो तो दुसराच. म्हणून 'यू'ने सुरू होणारा कोड दिसला की मी कोड वाचण्याआधी कागदावर दोन रकाने पाडतो: कोण बोलतंय, आणि बोलणारे कोणाच्या नावाने ओरडताहेत. तुमच्या गाडीत इंजिन, स्टिअरिंग आणि मीटर बोलताहेत, तिघांची तक्रार एकाच माणसाबद्दल आहे, आणि तो माणूस गप्प आहे. इंजिनचा ईसीयू मेला असता तर तो स्कॅनरशी बोललाच नसता, आणि बाकीच्यांमध्ये यू०१००, म्हणजे इंजिनच्या ईसीयूशी संपर्क तुटल्याचा कोड, आला असता. तसं काही नाही. याउलट प्रत्येक मॉड्यूल दुसऱ्या प्रत्येकाच्या नावाने तक्रार करत असेल, तर एकेका मॉड्यूलकडे बघूच नये, सगळ्यांची सामायिक तार तपासावी.

दिवे एकदम का लागतात, हाही प्रश्न गिऱ्हाईक विचारणारच. चाकांचा वेग एबीएस मोजतं आणि कॅनच्या, म्हणजे सगळ्या मॉड्यूलना जोडणाऱ्या सामायिक तारेवर टाकतं. पुष्कळ गाड्यांत स्पीडोमीटर तोच आकडा दाखवतो आणि स्टिअरिंगसुद्धा त्याच वेगावरून मदत कमी-जास्त करतं. एबीएस गप्प झालं की या सगळ्यांचं अन्न तुटतं आणि जो तो आपापला दिवा लावून मोकळा होतो. चार दिवे म्हणजे चार बिघाड, हा हिशेब बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांबरोबर गेला.

आता तुमचा उणे आकडा. इग्निशन चालू असताना त्या दोन तारांवर सेकंदाला लाखो बिट धावत असतात. ओहममीटर स्वतःचा बारीकसा करंट सोडून रेझिस्टन्स काढतो, त्याच वेळी तारेवर बाहेरचं व्होल्टेज आलं की तो काहीही सांगतो. ते मोजमाप फेकून द्या. इग्निशन बंद करा, दरवाजे लावा, बॅटरीचं निगेटिव्ह काढा, थोडा वेळ थांबा आणि मग ६ आणि १४ मध्ये मोजा. ६० ओहमच्या आसपास आलं पाहिजे. कारण कॅनच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रेझिस्टर असतो आणि दोन समांतर जोडले की ६० होतात. १२० आलं तर एक टोक तुटलेलं आहे: तार कुठेतरी तुटली, कपलर (तारा जोडायचा प्लग) निघालं, किंवा ज्या मॉड्यूलमध्ये तो रेझिस्टर बसवलाय ते मॉड्यूल जोडलेलं नाही. दोन-चार ओहम किंवा शून्य आलं तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्यात. ४० आलं तर तिसरा रेझिस्टर कुठून तरी घुसलाय, बहुतेक वेळा नंतर बसवलेल्या एखाद्या डब्यातून.

एक सावधगिरी. बऱ्याच नव्या गाड्यांत सॉकेटच्या मागे गेटवे मॉड्यूल असतं, म्हणजे वेगवेगळ्या कॅनमध्ये संदेश इकडून तिकडे पोचवणारा डबा. तिथे ६ आणि १४ वर मोजलेला आकडा फक्त सॉकेट ते गेटवे एवढ्याच तुकड्याचा असतो. गेटवेच्या पलीकडे एबीएस आणि इंजिनची कॅन वेगळी असते आणि ती तुम्हाला या सॉकेटवरून दिसत नाही. म्हणून वायरिंग डायग्राम मिळवल्याशिवाय ६० दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. डायग्राममध्ये दोनच गोष्टी शोधायच्या: टोकाचे रेझिस्टर कोणत्या दोन मॉड्यूलमध्ये आहेत, आणि एबीएसकडे जाणारी फांदी मुख्य तारेतून कुठे फुटते.

पण मी तुमच्या जागी असतो तर ओहममीटरच्याही आधी पॉवर आणि अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परतणारी जोडणी) बघितला असता. गॅरेजमध्ये कॅन म्हटलं की सगळे घाबरून सिग्नलच्या तारांकडे धावतात, आणि ज्या मॉड्यूलला जेवायलाच मिळत नाही ते बोलणार कुठून, हा साधा प्रश्न राहून जातो. एबीएसला बहुतेक गाड्यांत तीन वाटांनी पॉवर येते: पंपाच्या मोटरसाठी एक जाडा फ्यूज, व्हॉल्व्हसाठी दुसरा, आणि इग्निशनची एक पातळ लाइन. यातली एक जरी गेली तरी मॉड्यूल गप्प होऊ शकतं. आणि फ्यूज डोळ्याने बघून चालत नाही, दोन्ही पायांवर व्होल्टेज तपासा.

मल्टिमीटरने १२ व्होल्ट दिसले म्हणजे पॉवर चांगली, हाही भ्रमच. तारेतले शंभर धागे तुटून एकच उरला असला तरी मीटर १२ दाखवेल, कारण मीटर करंट ओढतच नाही. एबीएसचं कपलर काढा आणि पॉवरच्या पिनेला व अर्थच्या पिनेला जुना २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावा, जाड लाइनला हेडलाइटचा. बल्ब पूर्ण उजेड देत असतानाच बॅटरीच्या प्लसपासून त्या पिनेपर्यंत किती व्होल्ट पडताहेत ते मोजा. मग बॅटरीच्या मायनसपासून अर्थच्या पिनेपर्यंत मोजा. अर्थच्या बाजूला ०.१ व्होल्टच्या वर गेलं की मी तो अर्थचा बोल्ट खोलून घासायला घेतो. एबीएसचा अर्थ बऱ्याचदा पुढच्या चेसिस मेंबरवर, बॅटरीच्या खाली किंवा हेडलाइटच्या मागे असतो, म्हणजे चिखलपाण्याच्या अगदी वाटेवर. पिनेत प्रोब कोंबू नका. पिनेचं तोंड एकदा फाकलं की तुम्हीच नवा लूज कॉन्टॅक्ट तयार केलेला असतो, आणि तो आठवड्याने उगवतो.

बॅटरीबद्दल दोन शब्द. नागपूरचा मे महिना बॅटरीचं आयुष्य खातो. पारा ४५ च्या पुढे गेलेला, बोनेटखाली त्याहून जास्त. अशी अर्धमेली बॅटरी पावसाळ्यात सेल्फ मारताना ९ व्होल्टच्या खाली बसते, त्या क्षणी काही मॉड्यूल रीसेट होतात आणि बाकीच्यांमध्ये यू कोड साठतो. गाडी नंतर ठणठणीत चालते, कोड मात्र राहतो. म्हणून सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज बघा, आणि जुना साठलेला कोड आहे की आत्ता चालू आहे हे स्कॅनरवर वेगळं करा. सगळे कोड लिहून घ्या, पुसा, गाडी पुन्हा चालू करा आणि परत काय येतं तेवढ्यावरच काम करा.

आता कॅनच्या तारांकडे येऊ. बॉशने १९८६ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हाची मूळ कल्पना आजही तीच आहे: एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा, कॅन-हाय आणि कॅन-लो. बोलणं थांबलेलं असताना दोन्हींवर २.५ व्होल्ट. बोलताना हाय ३.५ पर्यंत वर जाते, लो १.५ पर्यंत खाली येते, आणि मॉड्यूल या दोघींमधला फरक वाचतं. बाहेरचा त्रास, इग्निशन कॉइलचा म्हणा की हॉर्नचा, दोन्ही तारांवर सारखाच येतो, त्यामुळे फरक बदलत नाही. मल्टिमीटरला एवढा वेग पकडता येत नाही, तो सरासरी दाखवतो. इग्निशन चालू असताना हाय २.६ ते २.८ आणि लो २.२ ते २.४ च्या दरम्यान दिसावी, आणि दोघींची बेरीज ५ व्होल्टच्या जवळ. ही बेरीज मला फार उपयोगी वाटते. बेरीज ५ वरून सरकली, म्हणजे तारेवर बाहेरचं काहीतरी बसलंय. दोन्ही तारा अर्थकडे ओढल्या गेल्यात की बॅटरीकडे, हे आकडाच सांगतो.

हाय अर्थला टेकली तर सगळी कॅन बंद पडते. लो बॅटरीच्या प्लसला टेकली तरी बंद पडते. उलट लो अर्थला टेकली तर पुष्कळदा गाडी लंगडत का होईना चालत राहते, आणि मेकॅनिक म्हणतो की तार चांगली आहे, चालतेय ना! हा सगळ्यात फसवा दोष. व्होल्टेज मोजल्याशिवाय तो दिसत नाही. आणि कृपा करून कॅनच्या तारेला टेस्ट लॅम्प लावू नका. तो बल्ब करंट ओढतो आणि चालू बोलणं तोडतो.

तुमच्या गाडीतली खरी खूण मात्र वेगळी आहे. दोनदा एकही मॉड्यूल सापडलं नाही, आणि एरवी फक्त एबीएस गायब असतं. दोन्ही वेळा पाऊस. एबीएसची फक्त पॉवर जात असती तर बाकीचे नेहमी बोलत राहिले असते. म्हणजे एबीएसच्या बाजूलाच असं काहीतरी आहे, जे कधी फक्त त्याला गप्प करतं आणि कधी अख्खी कॅन खाली बसवतं. माझा संशय एबीएसच्या मोठ्या कपलरवर आहे. त्या एकाच कपलरमध्ये बॅटरीच्या जाड्या पिना आणि कॅनच्या नाजूक पिना शेजारीपाजारी राहतात. आत पाणी शिरलं की पिना हिरव्या होतात आणि त्या ओलाव्यातून १२ व्होल्ट झिरपत कॅनच्या पिनेवर येतं. थोडं आलं तर एबीएसचेच संदेश बिघडतात. मॉड्यूल स्वतःच्या चुकांची मोजणी ठेवतं आणि पाठवण्यातल्या चुकांचा आकडा २५५ च्या पुढे गेला की बाकीच्यांना त्रास नको म्हणून तारेवरून स्वतःच बाजूला होतं. जास्त आलं तर सगळेच मुके. दुपारी बोनेटची उष्णता लागली, ओल वाळली, गाडी शहाणी.

पाणी तिथे कसं शिरलं, हेही शोधा, नाहीतर पुढच्या पावसात गाडी परत येईल. आपल्याकडे वॉशिंग सेंटरवर इंजिनावर प्रेशरचं पाणी मारायची सवय आहे. ते पहिलं कारण. दुसरं, कपलरचं रबर सील कुणी आधी काढून परत नीट बसवलेलं नसणं. तिसरं, तारेतूनच पाणी येणं: वर कुठेतरी इन्सुलेशन सोललेलं असतं आणि पाणी तारेच्या आतून खाली कपलरपर्यंत उतरतं. चौथं, उंदीर. पार्किंगमध्ये आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीचं बोनेट उघडा, बॅटरीच्या ट्रेमागे लेंड्या दिसल्या तर हार्नेसवर (तारांच्या जुडग्यावर) हात फिरवा.

आणि गिऱ्हाइकाला एक विचाराच: गाडी २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री, म्हणजे २३ च्या पहाटे, कुठे होती? त्या रात्री अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्तीत शिरली आणि नदीकाठच्या पार्किंगमधल्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. त्यातल्या वाळवून, धुऊन, पॉलिश करून पुन्हा रस्त्यावर आलेल्या गाड्या माझ्याकडे अजून येतात. अशा गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचला, सीटच्या खालचे आणि दाराच्या उंबऱ्याखालचे जॉइंट बघा. एकच पिन साफ करून गाडी दिली तर महिनाभराने दुसरी पिन बोलते. बुडालेल्या गाडीचं काम वेगळ्या भावाने आणि वेगळ्या मुदतीने घ्यावं, हे माझं मत.

बाहेरून बसवलेल्या गोष्टींना मी पहिल्या दहा मिनिटांत काढून ठेवतो. अँड्रॉइड स्टिरिओ आणि त्याच्याबरोबर येणारा कॅनचा छोटा डबा, डायग्नोस्टिक सॉकेटमध्येच खुपसलेला ट्रॅकर, रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी कुठूनतरी घेतलेला पॉवरचा टॅप. टॅक्सीमध्ये तर सॉकेटच्या मागच्या तारांनाच पीळ मारून ट्रॅकर जोडलेला असतो, वरून टेप. हे सगळं काढून मगच मोजायला घ्या.

कपलर तपासून साफ करून झाल्यावरही कॅन मध्येच बसत असेल, तर एकेक मॉड्यूल काढून बघायची पाळी येते. कॅन बसलेली असतानाच व्होल्टमीटर लावून ठेवा आणि मॉड्यूलची कपलरं एकामागून एक काढा. ज्याच्या वेळी व्होल्टेज जागेवर आलं, दोष त्या मॉड्यूलमध्ये किंवा त्याच्या फांदीत. काढलेलं मॉड्यूल परत लावून दोष परत येतो का, हेही बघा. टोकाचा रेझिस्टर ज्यात आहे ते मॉड्यूल काढलं की रेझिस्टन्स १२० होणारच, त्याला दोष समजू नका. काही गाड्यांत कॅन एका मॉड्यूलमधून आत जाऊन बाहेर पडते आणि पुढच्याकडे जाते. तिथे एक कपलर काढलं की पुढचे सगळे तुटतात. पुन्हा तेच, डायग्राम. आणि पिवळं कपलर म्हणजे एअरबॅग. बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्याला हात नको, आणि एअरबॅगच्या तारांवर ओहममीटर कधीच नको.

दोन चॅनेलचा यूएसबी ऑसिलोस्कोप घ्यावा का? घ्यावा, महिन्याला चार अशा गाड्या येत असतील तर. मल्टिमीटरची सरासरी जे लपवते ते तिथे उघडं पडतं: एखाद्या तारेची उडीच होत नाही, किंवा कोपरे गोलावलेत, किंवा हॉर्न वाजवताच रेघ फाटते. पण तुमच्या या गाडीला त्याची गरज पडेल असं वाटत नाही.

तार बदलावी लागली तर पीळ तोडू नका. जोडाच्या जागी जेवढी तार सरळ करावी लागेल तेवढीच, चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही. हाय आणि लोचे जोड एकाच ठिकाणी न ठेवता मागेपुढे घ्या, डाग नीट द्या, वरून आतल्या बाजूला गोंद असलेली हीट श्रिंक नळी. नुसती काळी टेप इंजिनच्या उष्णतेत सुटते आणि चिकट होऊन धूळ धरते.

वाडीकडच्या ट्रकवाल्यांचं काम तुमच्याकडे येत असेल तर एवढं लक्षात असू द्या: तिथे कॅन पुष्कळदा २५० केबीपीएसची (सेकंदाला अडीच लाख बिट), बॅटरी २४ व्होल्टची, आणि बीएस-६ डिझेलमध्ये एग्झॉस्टवरचा नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड) सेन्सर स्वतःच कॅनवर बोलतो. त्याच्या आत शॉर्ट झाला की इंजिनचा संपर्कही जातो आणि सगळे ईसीयूच्या मागे लागतात. सेन्सरचं कपलर काढून बघायला दोन मिनिटं लागतात. आणि चेसिसवर वेल्डिंग करायच्या आधी बॅटरी काढायला सांगा. न सांगता मारलेल्या वेल्डिंगने खरोखर जळलेली मॉड्यूल मी पाहिली आहेत.

मॉड्यूल खरंच जातं का? जातं. पण त्याचा निकाल द्यायला तीन गोष्टी हव्यात: पॉवर आणि अर्थ लोड देऊन तपासलेले, कॅनच्या दोन्ही तारा मॉड्यूलच्या कपलरपर्यंत चांगल्या, आणि तरीही मॉड्यूल गप्प. या तीन नसताना भंगारातलं मॉड्यूल आणून लावणं म्हणजे नवा गोंधळ. त्याच्यात दुसऱ्याच गाडीचा नंबर आणि कोडिंग असतं, एबीएसला व्हेरिएंट जुळावं लागतं, ईसीयू असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) गाडी सुरूच होऊ देत नाही. मग दोष जुना की नव्या डब्याचा, हे कळायची सोय राहत नाही. तपासणीचे पैसे वेगळे घ्या आणि आधीच सांगा. गिऱ्हाइकाला हजाराची तपासणी जड वाटते, पण ईसीयूचं बिल बघितल्यावर तोच माणूस तुमच्याकडे परत येतो.

तर उद्याचं काम असं. बॅटरी काढा, एबीएसचं कपलर उघडा, पिना उजेडात बघा. हिरवट दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, पूर्ण वाळू द्या, सील बदला. जी पिन खड्डा पडेपर्यंत खाल्ली गेली असेल ती टर्मिनलसकट नवी घाला, घासून चालणार नाही. मॉड्यूलच्या बाजूच्या पिनाच खाल्ल्या असतील तर मग मॉड्यूलचा विषय काढा, त्याआधी नाही. जोडल्यावर कोड पुसा आणि गाडी थोडी चालवा, कारण एबीएसची काही तपासणी गाडी हलल्यावरच होते. मग झाडांना पाणी मारायच्या फवारणीच्या बाटलीने आधी हार्नेसवर, नंतर कपलरच्या बाहेरून पाणी मारा, इंजिन चालू ठेवून, पंधरा-वीस मिनिटं. दिवे लागले नाहीत तर गाडी द्या. लागलेच, तर त्याच क्षणी ६ आणि १४ नंबरच्या पिनांचं व्होल्टेज अर्थच्या संदर्भाने वेगवेगळं मोजा, बॅटरी काढल्यावरचा रेझिस्टन्सही घ्या, आणि हे तिन्ही आकडे मला पाठवा.